उभे गुणवंतराव

माणसाला बसता येतं ही किती मोठी गोष्ट आहे, हे बसलेल्या माणसाला कधीच कळत नाही. गुणवंतरावांना ते कळलं वडशाच्या सरकारी लाकूड डेपोत, एका सरकारी टाचणीपायी. हिवाळ्याचे दिवस होते. फायलीतून निसटलेली टाचणी हेडक्लार्कच्या, म्हणजे त्यांच्याच, खुर्चीखाली पडली. दुसरा कोणी असता तर त्याने ती केरात जाऊ दिली असती. गुणवंतराव वाकले. टाचणी मिळाली, पण कमरेतून एक कळ निघाली ती डाव्या मांडीमागून पोटरीत आणि पोटरीतून थेट अंगठ्यात गेली, आणि तिथेच तिने बिऱ्हाड केलं. गुणवंतराव कसेबसे उभे राहिले. उभे राहिले ते राहिलेच. बसायला गेलं की ती कळ वीज पडल्यासारखी पुन्हा वरून खाली जायची.

पहिल्या दिवशी त्यांनी उभ्यानेच काम केलं. त्यातून एक नवीच अडचण निघाली. हेडक्लार्क उभे असताना हाताखालच्यांनी बसायचं कसं? दोघे कारकून अवघडून उठले. नथ्थू चपराशी दाराशी स्टुलावर डुलक्या घेत असे, तोही उठला. आठवड्याभरात सगळी कचेरी उभ्याने चालू लागली. एकदा मोठे साहेब फिरतीवर आले, सगळे उभे पाहून प्रसन्न झाले आणि म्हणाले, "बसा, बसा." कारकून बसले. गुणवंतराव उभेच. साहेबांनी पुन्हा सांगितलं. गुणवंतराव पुन्हा उभेच. तिसऱ्यांदा साहेबांनी सांगितलं नाही. त्यांच्या शेऱ्यात मात्र "हेडक्लार्क कामात चोख, स्वभावाने ताठ" असं आलं. त्यांच्या ताठपणाचं मूळ मणक्यात होतं, पण शेऱ्यावर खुलासा करण्याची पद्धत नव्हती.

टेबल उंच करावं असं त्यांच्या मनात आलं. चार पायांखाली चार ठोकळे, बस. डेपोच्या आवारात सागाचे ओंडके डोंगरासारखे रचलेले होते. आलापल्लीपासूनचं जंगल तिथे आडवं पडलेलं होतं. पण त्यातला वीतभर तुकडाही सरकारी टेबलाखाली घालायचा तर नागपूरची मंजुरी हवी. गुणवंतरावांनी रीतसर अर्ज पाठवला. नियमबाहेर ठोकळे घ्यावेत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. तो नथ्थूच्या मनाला शिवला होता, पण गुणवंतरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की नथ्थूने ठोकळे परत नेऊन ओंडक्यात टाकले.

घरीही तीच गत. पाटावर बसून जेवणं बंद झालं. ताट खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून ते रस्त्याकडे तोंड करून जेवत. येणारेजाणारे थांबून विचारत, "काय साहेब, जेवण?" आणि घास तोंडात असताना गुणवंतराव मान हलवत. इंदुताईंना, त्यांच्या पत्नीला, याची फार लाज वाटे. घोड्याला तोबरा बांधावा तसं दिसतं, असं त्या म्हणाल्या आणि खिडकीला पडदा शिवला. मग लोक पडदा बाजूला करून विचारू लागले.

आता सल्ल्यांचं. आपल्याकडे दुखणं होतं एकाला आणि औषध माहीत असतं सगळ्यांना. शेजारचे उमाजी भातगिरणीचे मॅनेजर होते. त्यांना दाण्यावरून धान ओळखता येत असे, त्यामुळे चेहऱ्यावरून रोगही ओळखता येतो असा त्यांचा समज होता. त्यांनी आधी तापलेल्या विटेचा शेक सांगितला, मग वाळूचा, मग बिब्ब्याचा. बिब्ब्याने कमरेवर पुरीएवढा फोड आला, आणि उताणं निजण्याची उरलीसुरली सोयही गेली. वैद्यांनी याला गृध्रसी म्हणतात असं सांगितलं. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा चालतो म्हणून. नाव इतकं नेमकं होतं की गुणवंतरावांनी त्या दिवसापासून बाजारातून चालणं सोडलं. औषध मात्र नावाइतकं नेमकं निघालं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. मणक्यात शीर दबली आहे. सहा आठवडे फळीवर पडून राहा. सहा आठवड्यांची रजा हवी तर चांद्याच्या मोठ्या डॉक्टरांचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी जातीने हजर राहणं जरूर. म्हणजे उठता येत नाही असं सिद्ध करायला उठून चांद्याला जायचं. गुणवंतराव गेले. गाडीत बसता येईना म्हणून वडशापासून चांद्यापर्यंत दाराच्या दांड्याला धरून उभे राहिले. तिथेही रांगेत उभे, डॉक्टरांपुढेही उभे. मोठ्या डॉक्टरांनी वर न पाहता विचारलं, कसे आलात? गुणवंतरावांना खोटं बोलता येत नव्हतं. दाखल्यावर आलं: "दीर्घकाळ उभे राहू शकतात. कामास पात्र."

त्या दिवशी परतीच्या गाडीत त्यांना पहिल्यांदा वाटलं की हे आता असंच राहणार. तसं कोणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पावसाळा आला, गेला. धानाची रोवणी झाली, कापणी झाली, गावात नाटकांचे मांडव पडले. गुणवंतरावांची एकच इच्छा उरली होती आणि ती सांगायला लाज वाटावी इतकी लहान होती: एकदा, घटकाभर, खुर्चीत नीट बसावं.

आणि मग उमाजींनी पायाळू काढला.

जे मूल पायांकडून जन्माला येतं ते पायाळू. त्याची लाथ कमरेत बसली की भरलेली उसण उतरते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गुणवंतराव मॅट्रिक होते. त्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण विटेवर, वाळूवर आणि बिब्ब्यावर तरी तो कुठे होता? त्यांनी उमाजींना नुसतं एवढंच विचारलं की असा माणूस भेटतो कुठे. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट सगळ्या वडशाला ठाऊक झाली, आणि कचेरीत नथ्थू हात जोडून पुढे आला.

"साहेब, मी पायाळू आहो."

नथ्थू त्यांच्या हाताखाली कितीतरी वर्षं होता. त्या वर्षांत गुणवंतरावांनी त्याला झोपेबद्दल, उशिराबद्दल, शाईच्या डागांबद्दल जे जे बोलायचं ते बोलून घेतलं होतं. हेडक्लार्कने चपराश्याची लाथ खायची? त्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी खोकताना कळ आली आणि विचार संपला. कचेरी सुटल्यावर ते डेपोतल्या एका ओंडक्याला धरून ओणवे झाले. कारकून निघून जातील अशी अपेक्षा होती. कारकून गेले नाहीत, उलट रेल्वेच्या मालधक्क्यावरून चार हमाल जास्तीचे आले. नथ्थूने चप्पल काढली, देवाचं नाव घेतलं आणि लाथ घातली. त्या लाथेत निव्वळ सेवाभाव नव्हता. गुणवंतराव ओंडक्याच्या पलीकडे गेले.

ते अंथरुणात असताना नथ्थूची म्हातारी आई, सोनीबाई, समाचाराला आली. काय झालं ते ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"कोण पायाळू? हा? डोक्याकून आला जी हा. एवढं मोठं डोकं, दोन दिस मले यमाचं दार दाखवलं यानं. साहेब, खोटं बोलला तो तुमच्यासंग."

नथ्थूला कामावरून काढावं असं उमाजींचं मत पडलं. पण काढायचं तर कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण सरकारी कागदावर लिहिण्यापेक्षा गुणवंतरावांनी आणखी दोन लाथा पत्करल्या असत्या.

खरा पायाळू मार्कंड्याला आहे, असं मग कळलं. दादाजी नावाचा म्हातारा, महाशिवरात्रीच्या यात्रेत दरवर्षी येतो, गाड्याच्या गाड्या माणसं बरी करतो. मोटारीत बसणं शक्य नव्हतं. खुशाल गाडीवानाच्या बंडीत तणस अंथरून त्यावर गुणवंतरावांना पालथं घातलं आणि निघाले. वाटेत दोन मुक्काम. बंडीच्या चाकाला वैनगंगेकाठचा एकही दगड चुकला नाही. गुणवंतरावांना तीन दिवस फक्त तणस आणि फळ्यांच्या फटीतून सरकणारी जमीन दिसत होती. त्यातही एक नवी आपत्ती उभी राहिली. यात्रेकरूंनी पालथा पडलेला, डोळे मिटलेला, कण्हणारा माणूस पाहिला आणि असा नवस कोणी बोललेला असेल तर तो मोठा भक्त असणार असा अर्थ काढला. बाया बंडी थांबवून त्यांच्या पायावर डोकं ठेवू लागल्या. डाव्या पायावर. प्रत्येक डोक्यासरशी गुणवंतरावांच्या तोंडून "अरे देवा" निघे, आणि भक्तांची खात्री पटत जाई. मार्कंड्याला पोचेपर्यंत बंडीत अकरा नारळ जमले होते. खुशालने ते बाजारात विकले आणि साहेब, पुढच्या वर्षीही येऊ, असं मनापासून सुचवलं.

दादाजी देवळामागे एका झाडाखाली होता. पालथा पडलेला होता. खुशालने गुणवंतरावांना त्याच्या शेजारी आणून पालथं ठेवलं. दोघांनी माना वळवून एकमेकांकडे पाहिलं.

"कंबर का?" म्हाताऱ्याने विचारलं.

"कंबर. पायात उतरते."

"डावा?"

"डावा."

"माहा उजवा," दादाजी म्हणाला. "चाळीस साल लोकाईले लाथा मारून राह्यलो. त्याच पायात उतरलं. आता टांग उचलतच नाई." थोडा वेळ देवळाची घंटा ऐकून तो पुढे म्हणाला, "तुमाले दुसरा कोणी पायाळू भेटला तं मले सांगजा, बापा."

परतीच्या वाटेवर गुणवंतरावांनी डोळे उघडलेच नाहीत. नमस्कार करणाऱ्या बायांना खुशालनेच आशीर्वाद दिले.

घरी आल्यावर अंग चोळायला भागीरथाबाईला बोलावलं. ती जुनी सुईण; वडशातली निम्मी वस्ती तिच्या हातांवर झालेली. मोहाचं तेल कोमट करून ती कंबर चोळत होती. इंदुताई तेलाची वाटी धरून होत्या. त्यांची एकुलती एक मुलगी प्रेमिला दाराशी उभी होती. बावीस वर्षांची, मुलींच्या शाळेत मास्तरीण, हाताला लागेल ते वाचणारी. मार्कंड्याची हकीगत ऐकता ऐकता म्हातारीचा हात थांबला.

"एवढ्या दूर काऊन गेले होते जी तुम्ही?" ती म्हणाली. "पायाळू तं घरीच आहे. माह्या हातानं ओढली मी हिले, पायाकून."

इंदुताईंनी वाटी खाली ठेवली, आत गेल्या आणि निवडून ठेवलेले तांदूळ पुन्हा निवडायला बसल्या.

इंदुताई माहेरच्या वैरागडच्या. तिथल्या किल्ल्यात पुरलेलं धन आहे असं लोक पिढ्यानपिढ्या म्हणत आले, आणि पायाळूला जमिनीतलं धन दिसतं असंही म्हणत आले. त्यांच्या लहानपणी गावातल्या एका पायाळू मुलाला धन काढणाऱ्यांनी अवसेला किल्ल्यात नेलं होतं. मुलगा परत आला, पण त्यानंतर बोलला नाही. शिवाय पायाळूवर वीज पडते म्हणतात. अशी मुलगी कोण करून नेणार? म्हणून त्यांनी बाळंतिणीच्या खाटेवरच भागीरथाबाईकडून शपथ घेतली होती. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. म्हातारी आता वयाने शपथ विसरली होती.

गुणवंतराव भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत आले. त्यांच्या डोळ्यांपुढे मुलगी नव्हती, किल्ला नव्हता, फक्त ती बंडी होती.

"मले त्या बंडीत घातलं तुनं," ते म्हणाले. "माहीत असून."

इंदुताईंनी सुपातून मान वर केली नाही. "तुमची शीर दबली त्यानं तुम्ही मरत नाई, असं डॉक्टर बोलला होता. पोरीचं नाव एकदा निघालं का ते वापस येत नाई. मी रोज पाहून राह्यली तुम्हाले खिडकीत उभ्यानं जेवताना. मले काय वाटत नसंल?"

गुणवंतराव दाराच्या चौकटीला टेकले. हिने वर्षभर दोन पारडी हातात धरली होती आणि एकदाही हात खाली केला नव्हता. आपण मात्र पडद्यावरून हिच्यावर रागावलो होतो.

प्रेमिलाच मग पुढे आली. "बाबूजी, माझा यावर विश्वास नाही," ती म्हणाली.

"माझाही नाही."

"मग सकाळी आंघोळ करून येते."

सकाळी दारं लावून घेतली. गुणवंतराव माजघरात सतरंजीवर पालथे पडले. उमाजींनी सांगितलं होतं की लाथ सणसणीत हवी, मनात कीव आली की गुण जातो. प्रेमिलाने पाय धुतले. मग ती वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा त्यांनी मान वळवून तिला अडवलं. आपल्याकडे लेक बापाच्या पाया पडत नाही. लग्नात बापच लेकीचे पाय धुतो. तो मान आज आधीच आला म्हणायचा.

बराच वेळ काही झालं नाही. मग कमरेवर एक ओलं, गार पाऊल टेकलं. लाथ नव्हतीच ती. झोपलेल्या माणसाला जाग येऊ नये म्हणून दार लोटावं, तसं ते पाऊल होतं. एकदा टेकलं, उचललं, पुन्हा टेकलं. मुलगी पहिल्यांदा चालायला लागली तेव्हा अशीच पावलं टाकायची, हे गुणवंतरावांना आठवलं. आणि या जगात तिचं आधी पाऊलच आलं होतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळत होतं. तिसऱ्यांदा पाऊल टेकलं तेव्हा मानेवर पाण्याचा थेंब पडला. तिचे केस ओले होते. त्यांनी तो केसांचाच धरला.

"लागलं का, बाबूजी?"

कळ जिथे होती तिथेच होती. मांडीमागे, पोटरीत, अंगठ्यात. तिला काही कळवण्यातच आलं नसावं. गुणवंतरावांना खोटं बोलता येत नव्हतं. त्यापायी त्यांनी सहा आठवड्यांची रजा घालवली होती.

"गेली," ते म्हणाले.

"काय?"

"कळ. गेली बा."

ते उठले. कोपऱ्यातल्या खुर्चीपर्यंत चालत गेले आणि बसले. नीट बसले, पाठ टेकून, हातांवर हात ठेवून. वर्षभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी जिवाचा आटापिटा केला ती अशी घडली. इंदुताईंनी देवापुढे दिवा लावला. प्रेमिला वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. बराच वेळ पाहत होती.

एक खोटं बोललेल्या माणसाला दुसरं बोलावंच लागतं. घरी बसणारा माणूस कचेरीत उभा राहिला तर बायको विचारणार. म्हणून ते कचेरीतही बसू लागले. कचेरी बसली. मग गाव विचारू लागलं की गुण कोणाचा, आणि प्रेमिलाचं नाव तर काढायचं नव्हतं. गुणवंतरावांनी एकदा डोळे मिटले आणि नथ्थूकडे बोट केलं. गुण जरा उशिरा आला, एवढंच.

नथ्थूचं नशीब फळफळलं. रविवारी त्याच्या दारी रांग लागू लागली. म्हातारी झाली, विसरली, असं तो आईबद्दल सांगू लागला. सोनीबाई रांगेतल्या लोकांना एकेकाला गाठून सांगे की हा डोक्याकून आला, पण हेडक्लार्क समोर बसलेला दिसत असताना तिचं कोण ऐकणार? खुशाल गाडीवानाने मार्कंड्याहून दादाजीलाही आणून नथ्थूपुढे पालथं घातलं, असं ऐकिवात आहे. पुढे काय झालं ते नथ्थूने कधी सांगितलं नाही.

ब्रह्मपुरीची मंडळी प्रेमिलाला पाहायला आली, तेव्हा गुणवंतराव त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. चहा, पोहे, गोत्राची चौकशी, मुलाच्या मामाच्या शिकारीच्या गोष्टी. मामाचा वाघ काही केल्या मरेना. गुणवंतरावांच्या कपाळावर घाम आला होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. वधूपित्याला शोभेल अशी नम्रता आहे, असं मामा जाताना म्हणाले. आठवड्याने नकार आला. मुलगी नोकरी सोडायची नाही म्हणते, असं कारण होतं.

टेबलाच्या अर्जाचं सांगायचं राहिलं. तो नागपूरला असतानाच राज्यांची फेरजुळणी झाली, चांदा जिल्हा मुंबईकडे गेला आणि अर्जही गेला. मुंबईने वडसा कुठे आहे ते विचारलं. मग टेबलाची मापं विचारली. शेवटी मंजुरी आली आणि चार सागाचे ठोकळे, रंधा मारून, क्रमांक घालून, गुणवंतरावांच्या पुढ्यात ठेवले गेले. सगळी कचेरी हसली. गुणवंतरावांनी एक ठोकळा हातात घेतला, त्यावरून बोट फिरवलं, आणि बसल्या बसल्या उत्तर लिहिलं की अर्जदारास आता गरज उरलेली नाही.

ते ठोकळे प्रेमिलाच्या कानावर गेले असावेत. वडशात काय कानावर जात नाही? त्याच आठवड्यापासून तिने एक नवीन खूळ काढलं. नागपूरचं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी गाडीने येई, गुणवंतराव ते कचेरीत वाचून संध्याकाळी घरी आणत, आणि प्रेमिला ते त्यांना वाचून दाखवी. आजवर बसून वाचायची. आता म्हणू लागली की खोलीत उजेड कमी पडतो, आणि खिडकीच्या कट्ट्याशी उभी राहून वाचू लागली. मुलगी उभी राहून आपल्यासाठी वाचते आहे आणि आपण खुर्चीत बसायचं, हे बरं दिसत नाही. गुणवंतराव उठत आणि तिच्या शेजारी कट्ट्यावर हात टेकून उभे राहत. इंदुताई चुलीपाशी म्हणत, तुम्हा बापलेकीला बसायला काय झालं? प्रेमिला पुढची बातमी काढी.

तिने कधी विचारलं नाही. त्यांनी कधी सांगितलं नाही. बातम्या संपल्या की ती बाजारभाव वाची, तुरीचा, जवसाचा, ज्यांचं त्या घरी कोणालाही काही नव्हतं. ते संपले की जाहिराती. साबणाच्या, शिवणयंत्राच्या, कुठल्याशा ज्योतिषाच्या, सगळ्या, हळूहळू, अंधार पडेपर्यंत.

शेवटच्या पानावर खाली, कोपऱ्यात, एका तेलाची जाहिरात रोज असे: जुनाट कंबरदुखी, पायात उतरणारी कळ, तीन दिवसांत कायमची बरी. तेवढी ती गाळत असे. गुणवंतरावांनी सकाळी कचेरीत ती वाचलेली असे.